थायरॉइड वाढलेला: गोळी, आयोडीन की ऑपरेशन? माझे १४ महिने

मागच्या वर्षी एप्रिल-मे मध्ये सुरू झालं. सोलापूरचा मे म्हणजे घाम कुणाला येत नाही, त्यामुळे मला घाम सुटतोय, छातीत धडधडतंय हे कुणी मनावरच घेतलं नाही. सात किलो वजन उतरलं तर शेजारच्या काकू विचारतायत, कुठलं डाएट करतीस गं. पहिल्या डॉक्टरांनी टेन्शन आहे म्हणून अॅसिडिटीची आणि झोपेची गोळी दिली. शेवटी भाकरी थापताना हात इतका थरथरायला लागला की कडा फाटायला लागल्या, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "हे उन्हाचं नव्हं, आधी रक्त तपास."

टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) ०.०१ च्या खाली, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) लई वर. मग एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) गेलो, ट्रॅब ही अँटिबॉडीची टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे ग्रेव्हज, आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडला जास्त पळवते तो आजार.

ऑपरेशनचं माझ्यापुरतं लगेच कटाप झालं. गाठ मोठी असेल, कॅन्सरची शंका असेल तर वेगळी गोष्ट, पण त्यात आवाजाच्या नसेला धक्का बसायची थोडी का होईना भीती असते, कॅल्शियम कमी होऊ शकतं, आणि मी शिकवण्या घेते, आवाजावरच चाललंय आमचं. आयोडीनवर (म्हणजे मिठातलं नव्हे, किरणोत्सारी आयोडीन) मात्र आठवडाभर घरात चर्चा. एकदाच घ्यायचं, ग्रंथी हळूहळू निकामी होते, मग बहुतेकांना जन्मभर थायरॉक्सिनची (थायरॉइड हार्मोनची) गोळी. ते चाललं असतं, पण नंतर काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायचं आणि माझी पोरगी दोन वर्षांची, माझ्या दंडावर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नाही. शिवाय माझे डोळे थोडे बाहेर आलेले, आयोडीनने ते वाढू शकतं असं डॉक्टर म्हणाले. म्हणून कार्बिमाझोल, थायरॉइडचं हार्मोन कमी करणारी गोळी. १२ ते १८ महिने घ्यायचं, बंद केल्यावर साधारण निम्म्या लोकांना परत होतं, हे त्यांनी आधीच सांगितलं. (दुसरं मूल हवं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी शक्यतो टाळतात, आयोडीननंतर तर निदान सहा महिने थांबावं लागतं.)

सुरुवात ३० मिलीग्रॅमने, जोडीला धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर ही चालत नाही). तीन आठवड्यांत हात थांबले. पण टीएसएच चार महिने तळालाच, मी घाबरून फोन केला तर म्हणाले टीएसएच उशिरा वर येतं, सध्या टी३ टी४ बघायचं. मधे पंधरा दिवस अंगाला खाज. वजन नऊ किलो परत आलं, काकू आता काही विचारत नाहीत.

खरी धास्ती बसली ती जानेवारीत. गड्ड्याला (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला) जाऊन आलो, होम मैदानावर ही धूळ, आणि रात्री १०२ ताप, थुंकी गिळता येईना. फाइलवर लाल पेनाने लिहिलेलं होतं: ताप किंवा घसा दुखला तर गोळी बंद, लगेच सीबीसी (रक्तपेशींची तपासणी). या गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घसरतात म्हणून. रात्री अकराला लॅब शोधत स्कूटरवर फिरलो. पांढऱ्या पेशींचा काउंट ६८०० आला, म्हणजे ठीक, साधा व्हायरल. डॉक्टरांना दाखवून गोळी परत सुरू, पण ती रात्र मी विसरणार नाही.

आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, रिपोर्ट भलताच येतो.

आता ५ मिलीग्रॅमवर आहे, दिवाळीनंतर ट्रॅब परत करून थांबवायचं की नाही ठरेल. पुण्याच्या जाऊबाईंनी आयोडीन घेतलं होतं, त्या म्हणतात कशाला इतके महिने सुया टोचून घेतल्यास. त्यांचंही बरोबरच आहे. परत उलटलं तर मीही आयोडीनच घेणार, डोळे तेवढे शांत पाहिजेत, आणि तोवर पोरगी आजीजवळ झोपायला शिकली तर बरं.