रोज २,६४० माणसं : सांगलीत गाळा घेताना आमची झालेली फसवणूक

हरभट रोडवर आमचं साड्यांचं दुकान आहे, अण्णांच्या काळापासूनचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे पेठेचं काय झालं असेल ते बाहेरच्यांनाही कळेल. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तेव्हा खालच्या कप्प्यांतल्या साड्यांचा चिखलात गोळा झाला होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच धावपळ. तेव्हापासून घरात एकच विषय, की पाण्यापासून लांब विश्रामबागच्या बाजूला एखादा छोटा गाळा असावा. पेठ बुडाली तरी घर चालेल असा.

हे आधी सांगतोय, कारण आम्ही हावेपोटी गेलो नव्हतो. गरज होती, आणि गरजू माणूस कागदावरचा मोठा आकडा बघून लवकर विरघळतो.

२०२३ च्या सप्टेंबरात एका एजंटाने तिकडचं एक कॉम्प्लेक्स दाखवलं. नाव लिहीत नाही. तळमजल्याला बोळ, दोन्ही बाजूंना गाळे, वर जायला रुंद जिना. भाडं महिना ३२ हजार, डिपॉझिट ३ लाख, लॉक-इन दीड वर्षाचं, म्हणजे तोवर गाळा सोडता येणार नाही. त्या भागाच्या मानाने भाडं जास्त वाटलं, तसं मी बोललो. त्यावर ऑफिसमधल्या मॅनेजरने प्लास्टिकच्या फाइलमधून एक कागद काढला. वर मथळा ‘रोजचे व्हिजिटर’. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने आणि खाली ठळक अक्षरात रोजची सरासरी २,६४०. "शेठ, हा आमचा अंदाज नाही, गेटवर सेन्सर आहे. मशीनने मोजलेली माणसं आहेत ही. शंभरात दोघं जरी तुमच्याकडे वळली तरी पन्नास गिऱ्हाईकं झाली," असं तो म्हणाला.

मी तिथल्या तिथे मनात गुणाकार केला. पन्नास नको, पंचवीस धरली तरी भाडं निघत होतं. सेन्सर म्हटल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही. तराजूचा काटा बघावा तसा तो कागद बघितला. पण तराजूचा काटासुद्धा आपण आधी रिकाम्या पारड्यावर बघून घेतो, ते इथे राहिलं.

दसऱ्याला मुहूर्त केला. फर्निचर, लाइट, आरसे धरून ४ लाख ६० हजार गेले. दिवाळीत ओळखीच्या लोकांनी येऊन मान राखला. तुळशीचं लग्न झालं आणि दुकान गप्प झालं. दिवसाला तीन बिलं, चार बिलं. एखाद्या दिवशी दुपारचे दोन वाजले तरी भवानी नाही. कामाला ठेवलेल्या दोन मुली घड्या घालून ठेवलेल्या साड्या पुन्हा पुन्हा घालायच्या. बोळाच्या तोंडाशी मात्र गर्दी दिसायची, त्यामुळे मी दोष स्वतःला देत होतो. माल चुकला असेल, दर जास्त असतील, मांडणी चुकली असेल. रोज अडीच हजार माणसं दारावरून जातात आणि आपल्याकडे वळत नाहीत, या विचाराने माझी झोप उडाली होती.

जानेवारीत माझा भाचा सुट्टीला आला. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला पोरगा. त्याने पहिला प्रश्न हा विचारला : "मामा, तो सेन्सर नक्की कुठं बसवलाय आणि कुठल्या जातीचा आहे?" मला दोन्ही माहीत नव्हतं. आम्ही गेटवर गेलो. लोखंडी गेटच्या दोन्ही खांबांवर, कमरेच्या उंचीला, अंगठ्याएवढ्या दोन काळ्या डब्या समोरासमोर. एकीत बारीक लाल दिवा. वॉचमन मामांच्या खोलीत त्याचा आकडा दाखवणारा डबा होता. भाच्याने गेटमध्ये उभं राहून त्या दोन डब्यांच्या मधून हात तीनदा आडवा फिरवला. मी आतून बघत होतो. आकडा तीनने वाढला.

नंतर चहा घेताना त्याने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. एका डबीतून दुसरीकडे न दिसणारा प्रकाशाचा किरण जातो, त्याला इन्फ्रारेड म्हणतात. किरण तुटला की एक. कोण आलं, का आलं, आत गेलं की बाहेर पडलं, याच्याशी त्या डबीला काही देणंघेणं नाही. किरण एकच असेल तर दिशा कळत नाही. आत-बाहेर वेगळं मोजायला एकामागे एक असे दोन किरण लागतात, कुठला आधी तुटला त्यावरून दिशा ठरते. आमच्या गेटवर एकच होता. म्हणजे एक माणूस आत येऊन बाहेर गेला की दोन. उलट दोघी बायका गप्पा मारत जोडीने आल्या तर दोघी मिळून एक. हातातली पिशवी पुढेमागे हलली तरी किरण तुटू शकतो.

पुढच्याच बुधवारी आम्ही मोजायला बसलो. आईची नामजपाची दोन काउंटर घरात होती, बोटात घालायची, बटण दाबलं की आकडा पुढे जाणारी. एक भाच्याने घेतलं आणि तो गेटशी बसला, आत येणारा प्रत्येक जण मोजायला. दुसरं माझ्या बायकोने घेतलं आणि ती जिन्यापाशी स्टूल टाकून बसली. जो सरळ वर जाईल त्याचं बटण दाबायचं. मी वहीत दुकानांचे नोकर, कुरिअरवाले आणि चहाचा पोऱ्या यांच्या रेघा मारत होतो. सकाळी दहा ते रात्री नऊ. जेवायला उठलो तेही एकेक करून.

वर पहिल्या मजल्यावर रक्त तपासायची लॅब, दुसऱ्यावर स्पर्धा परीक्षेचे क्लास आणि अभ्यासिका. अभ्यासिकेतली मुलं सकाळी येतात, अकराला चहाला उतरतात, दीडला डब्याला, चारला पुन्हा चहाला. निळ्या सॅकचा एक मुलगा बायकोच्या लक्षात राहिला, कारण तिने त्याच्यासाठी दिवसभरात सहा वेळा बटण दाबलं. गेटवरच्या डबीच्या हिशेबात तो एकटा पोरगा बारा माणसं होता. चांगला पोरगा, बिचारा परीक्षेच्या मागे लागलेला. साडीच्या दुकानाकडे तो कशाला वळेल?

रात्री नऊला आकडे लिहिले. सकाळी दहा ते नऊ मशीनचा आकडा २,११२ ने वाढला होता. आत आलेली माणसं आमच्या मोजणीत १,०९४. त्यांची दुप्पट २,१८८ होते, फरक जोडीने चालणाऱ्यांचा. या १,०९४ पैकी ८६१ सरळ जिन्याने वर गेली. नोकर-कुरिअर ६४. बोळात गाळ्यांकडे वळलेली माणसं राहिली १६९, तीही सगळ्या गाळ्यांत मिळून. आणि कागदावरच्या २,६४० मधले उरलेले पाचशे कुठले? क्लासच्या पहाटेच्या बॅचचे. मशीन चोवीस तास मोजतं, आमचं शटर दहाला वर जातं.

१६९ च्या शंभरात दोन काढा. साडेतीनच्या आसपास होतात. माझी रोजची बिलं तेवढीच होती. माझा माल चुकला नव्हता, दर चुकले नव्हते. तीन महिने मी ज्यासाठी स्वतःला आणि त्या दोन मुलींना बोल लावत होतो ते कारणच नव्हतं. त्या मुलींची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली.

मी मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही शेठ." ते खरंच होतं. मग मी मशीनमधून थेट निघणारा रिपोर्ट मागितला. आठ दिवस टाळाटाळ करून शेवटी दिला. त्यात रकान्याचं नाव ‘एकूण हालचाल’ असं होतं, सोबत तासावार आकडे होते, आणि सकाळी साडेसहा ते नऊचा डोंगर स्वच्छ दिसत होता. मला दाखवलेला कागद ऑफिसात वेगळा टाइप केला होता. तास गाळले होते आणि ‘हालचाल’च्या जागी ‘व्हिजिटर’ लिहिलं होतं. वॉचमन मामांनी नंतर एकदा हळूच सांगितलं, की डबी बसवणारा तंत्रज्ञ बोळाच्या तोंडाशी बसवू म्हणत होता, तिथे फक्त गाळ्यांकडे जाणारी माणसं मोजली गेली असती. पण ऑफिसातून हुकूम आला की मेन गेटलाच लाव, आकडा मोठा दिसला पाहिजे. मी याला चूक म्हणत नाही, फसवणूकच म्हणतो.

त्याच मॅनेजरने मला आणखी एक आमिष दाखवलं. आता नवीन यंत्र आणतोय, येणाऱ्यांच्या मोबाइलचं वाय-फाय पकडून माणसं मोजतं, त्यात एक माणूस एकदाच येतो. भाच्याने हेही फोडून सांगितलं. पूर्वी प्रत्येक फोन वाय-फाय शोधताना आपला एकच ठरलेला पत्ता सांगायचा. आयफोनने २०१४ पासून आणि अँड्रॉइडने २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून तो पत्ता मुद्दाम बदलता ठेवला आहे, लोकांचा माग काढता येऊ नये म्हणून. त्यामुळे एकच फोन अनेक माणसं म्हणून मोजला जाऊ शकतो. शिवाय रस्त्यावरून जाणाऱ्याचा फोनही त्यात येतो.

वकिलांकडे गेलो तेव्हा सगळ्यात जास्त लागलं. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम १९ मध्ये चुकीची माहिती देऊन मिळवलेल्या संमतीवरचा करार रद्द करता येतो. पण तिथेच अपवाद आहे, की साधी खबरदारी घेऊन खरं कळण्याजोगं होतं तर रद्द करता येत नाही. वकील म्हणाले, समोरची बाजू विचारणार, गेट उघडंच होतं, एक दिवस उभं राहून का मोजलं नाहीत? जाणूनबुजून केलेल्या लबाडीला ती सवलत नाही, पण लबाडी तुम्हाला सिद्ध करावी लागेल, आणि वॉचमन नोकरी सोडून साक्षीला येणार नाही. कागदावर सही-शिक्का काही नव्हता. त्या दिवशी मी फोटोही काढला नव्हता, आणि फाइल ऑफिसातच राहिली होती.

शेवटी तडजोड केली. नऊ महिन्यांचं भाडं २ लाख ८८ हजार गेलं, डिपॉझिटमधून तीन महिन्यांचे ९६ हजार कापले, फर्निचर १ लाख १० हजारांना विकलं. मुलींचे पगार सोडून ७ लाख ३४ हजारांचा खड्डा. पेठेतल्या दुकानाने तो भरायचा आहे, आणि दर पावसाळ्यात आमचं लक्ष पुन्हा आयर्विन पुलाच्या आकड्याकडे.

सेन्सर वाईट असतात असं कोणी समजू नये. छताला, दाराच्या बरोबर वर लावून खाली बघणारे असतात. काहींना दोन भिंगं असतात आणि त्यांना उंची समजते, त्यामुळे मोठं माणूस आणि लहान मूल वेगळं काढता येतं, आत-बाहेरही वेगळं मोजता येतं. नीट लावलेलं यंत्र दुकानदाराला मोठी मदत करतं. आज आलेले किती आणि बिलं किती, हे गुणोत्तर कळलं की माल चुकतोय की माणसंच येत नाहीत ते समजतं. मला हेच तीन महिने कळत नव्हतं.

म्हणून गाळा बघायला जाल तेव्हा आधी यंत्र कुठे लावलंय ते स्वतः जाऊन बघा, हात आडवा घालून आकडा किती सरकतो ते बघा. तासावार आकडे मागा, तेही यंत्रातून निघालेले. ऑफिसात टाइप केलेला कागद घेऊ नका. ‘ये’ आणि ‘जा’ एकत्र आहेत का हे लेखी विचारा, आणि तो आकडा भाडेकराराला जोडून त्यावर सही मागा. खरा असेल तर सही करायला कोणी कचरणार नाही. आणि शेजारच्या गाळेवाल्याशी चहा घ्या. आमच्या समोरचा चप्पलवाला दोन वर्षं तेच भोगत होता. मी आधी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, हे तो नंतर स्वतः म्हणाला.

परवा तिकडून जाताना आमच्या जुन्या गाळ्याच्या शटरवर ‘भाड्याने देणे’चा फलक दिसला, त्यावर ‘रोजची वर्दळ २,६००+’ असं लिहिलंय. गेटवरच्या दोन्ही डब्या होत्या तिथेच आहेत. तुमच्यापैकी कोणी तो गाळा बघायला जाणार असेल तर आधी हरभट रोडला या. त्या बुधवारची वही मी गल्ल्याखालच्या खणात ठेवली आहे, रेघांसकट दाखवतो. आईची काउंटरंही नेलीत तरी चालतील.