फुटबॉल लिलीचे कंद: कारेलीबागेतील रोपवाटिकेतून केलेली खरेदी

आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील रानांत आपोआप उगवणारी फुटबॉल लिली, म्हणजेच स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस, वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात कुंडीतही उत्तम फुलते. कारेलीबागेतील एका रोपवाटिकेतून घेतलेले कंद टणक, वजनदार आणि बुरशीविरहित होते, आणि अशा खरेदीत हीच बाब सर्वांत महत्त्वाची असते. मे-जूनमध्ये, पाने पुरती उलगडण्याआधीच, जाड देठावर लाल फुलांचा जो गोल गेंद येतो, त्यात दोनशेपर्यंत नाजूक फुले असू शकतात. आठवडाभराच्या त्या शोभेसाठी वर्षभर कुंडी सांभाळावी, असे मला मनापासून वाटते.

विक्रेत्याने कंदाची मान मातीच्या पातळीवर ठेवण्यास आणि हिवाळ्यात पाने वाळली की पाणी जवळजवळ बंद करण्यास आवर्जून सांगितले, हे योग्यच झाले. मात्र कंद विषारी असतो, याची सूचना पुडीवर कोठेही नव्हती. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरांसाठी ही उणीव गंभीर आहे. किंमत थोडी अधिक वाटली, तरी कंदाला पिल्ले फुटत असल्याने ती वसूल होते. फक्त कुंडी वारंवार बदलू नये.