गाणं शिकायचंय: आठ आठवड्यांत दहा गाणी, की रोजचा सा?

पस्तिशी-चाळिशीत गाणं शिकायची हौस पुन्हा डोकं वर काढते. चौकशी केली की दोन वाटा दिसतात. एक म्हणजे कराओके ट्रॅकवर आठ आठवड्यांत आठ-दहा गाणी बसवून देणारा कोर्स. दुसरी म्हणजे ओळखीतल्या एखाद्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा जाऊन सारेगमपासून सुरुवात. मी दोन्ही करून पाहिलंय. तुमचं अजून ठरत नसेल, तर माझा अनुभव कामी यावा.

आधी कोर्स. पहिल्याच आठवड्यात तुम्ही गायला लागता. मागे अख्खा वाद्यमेळ वाजत असतो, त्यामुळे आवाजातले खाचखळगे झाकले जातात. भाचीच्या लग्नातल्या संगीतासाठी मी अशी तीन गाणी बसवली. टाळ्या पडल्या, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आनंद खरा होता, आजही आठवतो. पण सहा महिन्यांनी कुणी चौथं गाणं म्हणायला सांगितलं, तर माझ्याकडे काहीच नव्हतं. ट्रॅकशिवाय कुठल्या सुरावर सुरू करायचं तेच कळेना. ट्रॅकची पट्टी, म्हणजे सा किती उंचावर धरायचा ते, खालीवर करता येते, पण माझी पट्टी कोणती हे मला कुठे ठाऊक होतं? वरच्या सुरांना गळा ताणायचा आणि मी दोष आवाजाला द्यायची.

बाईंनी पहिल्या दिवशी पेटीवर दोन-चार पट्ट्यांत माझा आवाज लावून पाहिला आणि म्हणाल्या, "तुमची काळी चार." म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा सा. मग कितीतरी दिवस नुसता सा, आकारात म्हणजे 'आ' म्हणत, श्वास पुरेल तितका. त्यानंतर अलंकार: सारेग, रेगम, गमप. मग भूप. पाचच सुरांचा राग, म आणि नी वर्ज्य, आणि त्यात पाच महिने गेले. या काळात घरच्यांना ऐकवण्याजोगं माझ्याकडे एकही गाणं नव्हतं. "अजून सारेगमच?" हा प्रश्न नवऱ्याने मायेनेच विचारला, तरी लागायचा. ही वाट सोडणारे बहुतेक जण याच टप्प्यावर सोडतात, आणि मला त्यांचं मन कळतं.

मी टिकले ते तंबोऱ्यामुळे. चार तारा: पंचम म्हणजे प, जोडीचे दोन षड्ज म्हणजे सा, आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालचा सा. बाई म्हणायच्या, खर्जाच्या तारेत गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. त्या तारेवर कुणी गंधार लावलेला नसतो, तो तिच्या नादातून आपसूक उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला वर्षभर काही ऐकू आलं नाही. मग पावसाळ्यातल्या एका सकाळी, बाई जवारीचा दोरा (तारेखालचा, नाद खुलवणारा) किंचित सरकवत असताना, खर्ज वाजला आणि त्याच्या पाठोपाठ अगदी बारीक, लख्ख असा ग माझ्या कानात उतरला. तार पुन्हा छेडली, ग पुन्हा आला. त्या दिवशी भूपातला ग लावताना मला पेटीकडे पाहावं लागलं नाही. तेव्हापासून लोकलमध्ये, स्वयंपाकघरात, कुठेही कान लागला की मला तो सूर सापडतो. लग्नातल्या त्या टाळ्या त्या रात्रीपुरत्या होत्या. हा ग रोज भेटतो.

फायदा गाण्यांनाही झाला. कित्येक नाट्यपदं आणि भावगीतं रागांच्या अंगाने बांधलेली असतात. भूप आणि यमन गळ्यावर चढले, तेव्हा त्या वळणाची नवी चाल दोन-तीनदा ऐकून उचलता येऊ लागली.

पैशांचं थोडक्यात: कोर्सची रक्कम एकदाच आणि ठोक, क्लासची फी दरमहा आणि वर्षानुवर्षं. एकूण बेरीज क्लासचीच जास्त.

परीक्षांबद्दल मात्र सांगायलाच हवं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. शिस्त लागते, म्हणून द्याव्यात. पण रागांचे आलाप-ताना वहीतून घोकून वर्षाला एक प्रमाणपत्र मिळवणं म्हणजे पुन्हा ट्रॅकवर गाणंच झालं.

आणि भीमसेन जोशींच्या गोष्टीने दबून जाऊ नका. अकराव्या वर्षी घर सोडून ते ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत गुरू शोधत फिरले आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिले. त्यांना जन्मभर तेच करायचं होतं. आपल्याला रोज अर्धा तास पुरतो. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा तो बरा.

दोन महिन्यांवर घरात कार्य असेल, किंवा भजनी मंडळात चार अभंग म्हणता यावेत एवढीच इच्छा असेल, तर कोर्स खुशाल करा. बाकी कुणी विचारलं तर मी क्लासच सुचवेन, पण आधी आठवडाभर एक करून बघा. फोनवर तंबोऱ्याचं एखादं अ‍ॅप घ्या, ज्या पट्टीत आवाज न ताणता खाली-वर जातो ती लावा आणि रोज दहा मिनिटं फक्त सा म्हणा. सातव्या दिवशीही डोळा घड्याळावरच असेल, तर कोर्सला नाव घाला. दहाची पंधरा मिनिटं झाली आणि तुम्हाला कळलंही नाही, तर बाईंना फोन करा.