यूब्लॉक ओरिजिन: आठ महिने वापरून

यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, टाकलं ते बाबांसाठी. मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री, ते नागपुरात महालातल्या घरी कूलरसमोर बसून मोबाइलवर बातम्या वाचत होते. तीन ओळी बातमी, मग जाहिरात, मग पुन्हा तीन ओळी. मधेच कुठेतरी नोटिफिकेशनच्या 'अलाउ'वर बोट पडलं आणि आठवडाभर फोन कोकलत राहिला, 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे!' "काहून वाजून राहिला बे हा?" म्हणत फोन माझ्याकडे आला.

अँड्रॉइडच्या क्रोमवर एक्स्टेन्शन चालत नाहीत, म्हणून फायरफॉक्स घेतलं आणि त्यात हे. फुकट आहे. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये आणलं, आणि ते देणगीसुद्धा मागत नाहीत. खरा जीव आहे ईझीलिस्टसारख्या याद्यांमध्ये. जाहिराती कुठल्या पत्त्यांवरून येतात ते तिथे नोंदलेलं असतं, आणि ब्राउझर त्या पत्त्यांकडे मागणीच पाठवत नाही. त्यामुळे डेटा वाचतो, पानही झपकन उघडतं.

लॅपटॉपवर मात्र कटकट झाली. क्रोमने २०२४ पासून मॅनिफेस्ट व्ही३, म्हणजे एक्स्टेन्शन्ससाठीचे नवे नियम, लागू करत जुनी एक्स्टेन्शन्स बंद करायला घेतली. तिथे यूब्लॉकचीच 'लाइट' आवृत्ती वापरतो. चालते, पण मूळची सर नाही.

तक्रारी? बिल भरायच्या एका साइटवर पेमेंटचं पान पांढरंफटक. लाल ढालीवर टॅप, मोठं पॉवर बटण बंद, पान रीलोड, एवढंच करायचं असतं. पण बाबांना ते शिकवण्यात दोन रविवार गेले. आणि ॲपमधल्या जाहिरातींना हे हात लावत नाही. यूट्यूबच्या ॲपमध्ये जाहिरात लागली की बाबा अजून माझ्याकडेच बघतात, जसं काही मीच लावली!

आता खरी गोष्ट. इतवारीतल्या आमच्या वहिनी सावजी रेसिपींची साइट चालवतात. दिवाळीत मी कौतुकाने ब्लॉकरने किती जाहिराती अडवल्या तो आकडा दाखवला, तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, म्हणजे तुम्ही माझा पाटोडी रस्सा वाचता ते सगळं खात्यात शून्य." गूगलच्या जाहिरात सेवेचे, ॲडसेन्सचे, १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत, आणि ते जमायला वहिनींना चार महिने लागतात. होस्टिंगचा खर्च त्यातूनच. मी गप्प.

त्यांच्या साइटवर ब्लॉकर तिथेच बंद केला. आणखी तीन-चार छोट्या मराठी साइटवरही. बातम्यांच्या पानांवर नाही, तिथे दया येत नाही.

फक्त वहिनींच्या पानावर खाली चिकटून बसणारी एक जाहिरात नेमकी मसाल्याच्या प्रमाणावर येते. "काढा ना ती," म्हटलं. "तीच तर जास्त देते," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रेसिपी साइटवर वाचतो आणि तिखट किती टाकायचं ते फोन करून विचारतो.