सेंट अँड्र्यूज चर्च, बांद्रा: आतल्यापेक्षा आवारातच जास्त बघण्यासारखं

हिल रोडवरून माउंट मेरी चर्चकडे जाणारे बहुतेक जण सेंट अँड्र्यूजकडे वळूनही बघत नाहीत. जुनं बांधकाम बघायची हौस असेल तर आधी इथेच थांबा. माउंट मेरीची आजची इमारत विसाव्या शतकातली. सेंट अँड्र्यूज मात्र पोर्तुगीज जेझुइटांनी (एका कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी) १५७५ च्या सुमारास, चिंबई कोळीवाड्यातल्या कोळ्यांच्या शेजारी उभारलं. १६१८ च्या वादळात छप्पर उडालं, दर्शनी भिंत टिकली. म्हणजे आतलं सगळं मूळचं, १५७५ चं आहे असं समजू नका. आत दहा मिनिटं पुरेत.

खरा ऐवज आवारात आहे: एकाच दगडातून घडवलेला १७ फुटी क्रूस. तो मूळचा इथला नव्हे. बांद्र्यातलं जेझुइटांचं सेंट ॲन कॉलेज १७३९ मध्ये, मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत पाडलं गेलं; क्रूस तिथला. त्याच्या अंगभर ख्रिस्ताच्या दुःखसहनाची चिन्हं कोरली आहेत. अशा क्रुसांवर सहसा खिळे, हातोडा, शिडी, भाला, काट्यांचा मुकुट, सोंगट्यांचे फासे, ख्रिस्ताला ओळखत नाही म्हणणाऱ्या शिष्य पीटरची आठवण देणारा कोंबडा असतो. ही यादी मनात ठेवून एकेक बाजू बघा. कोरीवकाम उथळ असलं की भर दुपारी काही दिसत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर सावल्या पडतात, तेव्हाच जा.

मग भिंतींचा पायथा बघा. साष्टी बेटातली (बांद्रा त्यातच येतं) त्या काळची चर्चं दगड-चुन्याची. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर टाकते. त्यावर सिमेंट थापलं की ही वाट बंद होते: ओल आणखी वर चढते, खारट हवेचं मीठ गिलाव्यामागे साकळतं, आणि कमरेएवढ्या उंचीवर पापुद्रे सुटतात. ऑइलपेंट मारला तर फुगेच. कुठल्याही गावठाणातल्या जुन्या चर्चला हाच रोग. उपाय कंटाळवाणा आहे: सिमेंट उतरवायचं, भिंत एक उन्हाळा सुकू द्यायची, मग एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली रेती, पातळ थरांत, प्रत्येक थर काही दिवस ओला ठेवून. घाईत सुकवला तर तडे ठरलेले. ठेकेदाराला हे परवडत नाही, म्हणून होत नाही.

अंगणातल्या कबरी वाचण्यासारख्या आहेत, पण त्यांवर बसून फोटो काढू नका. रविवारी सकाळी मिस्सा (सामूहिक प्रार्थना) असते, ती वेळ टाळा. सप्टेंबरमधल्या माउंट मेरीच्या जत्रेत तर इकडे फिरकूच नका, हिल रोड हलत नाही. बांद्रा स्टेशनच्या पश्चिमेकडून रिक्षा मिळते.

छप्पर नसलेली भिंत बघायची तर अंधेरीचं सेंट जॉन द बाप्टिस्ट, १५७९ चं आणि १८४० मध्ये साथीमुळे सोडलेलं. पण ते सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीच्या कुंपणाआत आहे. पास नसेल तर गेटवरूनच परत.