ब्रसेल्सची ४४ क्रमांकाची ट्राम

ब्रसेल्समध्ये अर्धा दिवस हाताशी असेल, तर माँटगोमेरी स्थानकातून सुटणारी ४४ क्रमांकाची ट्राम पकडून तिच्या शेवटच्या थांब्यापर्यंत, म्हणजे तेर्व्ह्युरेनपर्यंत, अवश्य जावे. राजधानीच्या वेशीवरचे हे गर्द झाडीतले निवासी गाव एकेकाळी या परिसरावर राज्य करणाऱ्या ब्राबांतच्या ड्यूकांचे होते. त्यांचा वाडा आज उरलेला नाही, पण संत ह्युबर्टचे छोटे प्रार्थनामंदिर उद्यानात उभे आहे.

भुयारातून वर आलेली ट्राम ज्या रुंद तेर्व्ह्युरेन मार्गाने धावते, तो बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने १८९७च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनासाठी बांधून घेतला. वाटेत योझेफ हॉफमान या व्हिएन्नाच्या वास्तुविशारदाने १९११मध्ये पूर्ण केलेला स्तोक्ले प्रासाद लागतो. तो खासगी मालकीचा असल्याने रस्त्यावरूनच पाहून घ्यावा. ट्राम संग्रहालय मागे पडले की घरे विरळ होतात आणि सोनियन अरण्यातील बीच वृक्षांमधून रूळ जातात. आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो होतो. ओल्या पानांचा तांबूस थर रुळांच्या कडेला साचला होता आणि खिडकीची काच खाली उतरणाऱ्या उन्हाने क्षणाक्षणाला पिवळी होत होती. एवढ्या प्रवासाला शहरातले साधे तिकीट पुरते, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे देणे वाटते.

उतरल्यावर मात्र घाई करू नये. शार्ल जिरो याने आखलेले आणि १९१०मध्ये उघडलेले आफ्रिका संग्रहालय दिमाखदार आहे. त्यामागे याच लिओपोल्डच्या ताब्यात असलेल्या आफ्रिकेतील काँगोची लूट आहे, आणि २०१८मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडल्यापासून तिथे त्याविषयी अधिक स्पष्टपणे सांगितले जाते. पण खरे समजते ते गावातल्या संत योहानाच्या चर्चजवळ. १८९७च्या प्रदर्शनासाठी काँगोतून २६७ माणसे आणून लोकांसमोर मांडली गेली. थंडी-पावसाच्या त्या उन्हाळ्यात त्यांतील सात जण दगावले आणि त्यांच्या कबरी या चर्चच्या भिंतीलगत आहेत. संग्रहालय पाहून अनेक जण तसेच परततात, याचे मला वाईट वाटते.

जेवणाची सोय स्वतः करावी. एका उपाहारगृहात पाऊण तास थांबून आमच्या वाट्याला कोमट सूप आले. डबा बरोबर असेल, तर उद्यानातल्या तळ्याकाठचा बाक पुरे, आणि परतीची ट्राम तिथून चालण्याच्या अंतरावरच मिळते.