कुकरच्या शिट्ट्यांचं रेडिओ स्टेशन: आइसकास्ट आणि लिक्विडसोप

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरून मी इंटरनेट रेडिओ चालवतो. गाणी नाहीत, निवेदक नाही. कुकरच्या शिट्ट्या, कौपिनेश्वराची घंटा, भंगारवाल्याची आरोळी, जे येईल ते. "बाबा, कुकर खरा वाजतोय की रेडिओवरचा?" हा लेकीचा रोजचा प्रश्न.

डोलारा उभा आहे दोन फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर. आइसकास्ट नुसता हमाल: आलेला आवाज उचलायचा, 8000 नंबरच्या पोर्टवरून ऐकणाऱ्यांकडे पोचवायचा. डोकं लिक्विडसोपचं. फोल्डर दाखवा, क्रम रँडम ठेवा, एक आवाज दुसऱ्यात मिसळवा. मोजक्या ओळींत काम होतं. पण मोठा खवट! आवाज कधीही खंडणार नाही याची हमी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्या ओळींत, 'एमकेसेफ' किंवा तसलंच काही लिहून दिल्याशिवाय सहसा सुरूच होत नाही. मला हा खवटपणा आवडतो.

ओपस या आवाज आटोपशीर करणाऱ्या फॉरमॅटमध्ये 64 केबीपीएस (सेकंदाला 64 किलोबिट) भरपूर झाले. एका श्रोत्यामागे तासाला साधारण 29 एमबी जातात. आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, पण शिट्टीला कसली घाई?

घरच्या ब्रॉडबँडवर बाहेरून पोचता येईल असा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नसेल, तर आइसकास्ट भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा. आणि टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, बघून घाम फुटत असेल तर सरळ अझुराकास्ट घ्या. आत हीच जोडी, वर माउसने चालणारा पडदा.